मांडीच्या बाहेरच्या बाजूची जळजळ : उपचारांनंतरही ती का परतते आणि दोष कुठे शोधावा

मांडीच्या बाहेरच्या बाजूला, तळहाताने झाकता येईल एवढ्या किंवा त्याहून मोठ्या भागात आग होते, मुंग्या येतात, मधूनच विजेचा झटका बसावा तशी कळ उठते, आणि त्याच भागावर बोट फिरवले तर त्वचा आपली नसल्यासारखी बधिर लागते. बराच वेळ उभे राहिले किंवा चालले की त्रास वाढतो, बसले की उतरतो. गोळ्या, मलम, शेक, मालीश यांपैकी काहीतरी केल्यावर आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि मग तेच दुखणे त्याच जागी परत येते. हे वर्णन ज्यांना स्वतःचे वाटेल त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी या दुखण्यात जवळजवळ दोन वर्षे काढली. त्या काळातील माझी सर्वांत मोठी चूक अशी की माझे सगळे उपचार मांडीवर चालले होते आणि मांडीत काहीही बिघडलेले नव्हते.

वैद्यकशास्त्रात या विकाराला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. ग्रीक भाषेत ‘मेरोस’ म्हणजे मांडी आणि ‘अल्गोस’ म्हणजे वेदना. त्यांवरून रशियन चेताविकारतज्ज्ञ व्लादिमिर रोथ यांनी १८९५ मध्ये हे नाव दिले. त्याआधी १८७८ मध्ये जर्मन वैद्य मार्टिन बर्नहार्ट यांनी अशा विकाराची नोंद केलेली होती. रोथ यांना हा त्रास घोडदळातील सैनिकांमध्ये आढळला आणि त्याचा संबंध त्यांनी आवळून बांधलेल्या कमरपट्ट्याशी जोडला. १८९५ मध्येच सिग्मंड फ्रॉइड यांनीही स्वतःच्या मांडीत जाणवणाऱ्या याच विकाराविषयी लिहिले. कमरेशी पडणारा दाब मांडीत बोलतो, हे सव्वाशे वर्षांपूर्वीचे निरीक्षण आजही या दुखण्याच्या उपचारांचा पाया आहे, आणि तरीही उपचार करताना तेच सर्वांत आधी विसरले जाते.

दाब नेमका कुठे पडतो

मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेला संवेदना पुरवणारी एक स्वतंत्र नस असते. ती कमरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांच्या पातळीवरील चेतामुळांपासून, म्हणजे मज्जारज्जूतून बाहेर पडणाऱ्या नसांच्या मुळांपासून, निघते, ओटीपोटाच्या मागच्या भिंतीवरील स्नायूंवरून तिरकी खाली उतरते आणि कमरेच्या हाडाचे जे टोक पुढच्या बाजूला हाताला लागते त्याच्या आतल्या अंगाने, बहुतेकांमध्ये एक-दोन सेंटिमीटर अंतरावरून, मांडीत शिरते. या जागी इंग्वायनल लिगामेंट नावाचा चिवट पट्टा कमरेच्या हाडाच्या त्या टोकापासून जांघेच्या आतल्या टोकापर्यंत ताणलेला असतो. नस या पट्ट्याच्या खालून किंवा कधीकधी त्याच्या तंतूंमधूनच बाहेर पडते आणि तिथे तिला जवळजवळ काटकोनात वळावे लागते. ओटीपोटात बाहेरच्या दिशेने जाणारी नस मांडीत सरळ खाली जाऊ लागते, आणि या वळणावरच ती सापडते.

पाय मागे गेला, म्हणजे खुबा ताणला गेला, की हे वळण अधिक तीव्र होते आणि नस पट्ट्यावर घासली जाते. खुबा दुमडला की ती सैल पडते. उभे राहिल्यावर त्रास आणि बसल्यावर आराम, या विचित्र वाटणाऱ्या वागण्याचा उलगडा एवढाच आहे. नसेचा मार्ग सर्वांमध्ये सारखा नसतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शरीरविच्छेदनाच्या एका अभ्यासात तिच्या मार्गाचे पाच प्रकार नोंदवले गेले, आणि त्यांतील एका प्रकारात, साधारण ४ टक्के नमुन्यांत, नस हाडाच्या टोकाच्या आतून न जाता सरळ हाडाच्या कडेवरून बाहेर येत होती. अशा व्यक्तीला साध्या पट्ट्याचा दाबही पुरतो. दोन माणसे सारखेच कपडे घालतात, सारखेच काम करतात आणि एकालाच हा त्रास होतो, त्यामागे हे जन्मजात कारण असू शकते. यात त्या माणसाचा काही दोष नसतो.

ही नस फक्त संवेदना वाहते. एकाही स्नायूला ती हालचालीची आज्ञा पोहोचवत नाही. तुमचे दुखणे याच नसेचे आहे की नाही, हे ठरवण्याची मुख्य किल्ली या एका गोष्टीत आहे.

आधी खात्री, मग उपचार

एका शांत संध्याकाळी पेन घेऊन बसावे आणि जिथे जिथे स्पर्श वेगळा लागतो त्या भागाची कड त्वचेवर आखावी. मांडीची बाहेरची आणि थोडी पुढची बाजू, गुडघ्याच्या वरच संपणारी, असा आकार आला तर संशय योग्य दिशेने आहे. रेषा गुडघ्याच्या खाली पोटरीपर्यंत गेली, मांडीच्या आतल्या अंगाला किंवा जांघेत पोहोचली, तर दुसरे कारण शोधावे लागेल. हा आखलेला नकाशा डॉक्टरांना दाखवल्याने तपासणी सोपी होते. दर दोन महिन्यांनी तो पुन्हा काढला तर सुधारणा आहे की नाही हेही कळते.

त्यानंतर ताकद पाहावी. जिना चढताना गुडघा अचानक दुमडतो का, खुर्चीवरून उठताना त्या पायाला जोर कमी पडतो का, मांडीचा घेर दुसऱ्या मांडीपेक्षा स्पष्टपणे घटला आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर हे दुखणे केवळ या नसेचे नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंना चालवणारी फेमोरल नस किंवा कमरेतील चेतामुळे यांची तपासणी मग तातडीची ठरते.

पुढील लक्षणे असतील तर घरी काहीही करून पाहण्यात वेळ घालवू नये. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, दोन्ही मांड्यांच्या आतील भागात आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायातील शक्ती दिवसागणिक कमी होणे या अवस्थेत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कारण नसताना वजन उतरणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारी खोल हाडदुखी किंवा पूर्वी झालेला कर्करोग यांच्या जोडीने मांडी बधिर होत असेल, तर ओटीपोटातील गाठ किंवा हाडाचा आजार नसेवर दाब देत नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. मांडीवर पुरळ किंवा पाण्याचे फोड उठले तर ती नागीण असू शकते. तिचे औषध सुरुवातीच्या दिवसांतच द्यावे लागते.

ज्यांच्याशी या विकाराची गल्लत होते त्यांत दोन दुखणी नेहमीची आहेत. पहिले खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याचे. त्यात हाडाच्या उंचवट्यावर दाबले की दुखते आणि त्या कुशीवर झोपता येत नाही, पण त्वचा बधिर होत नाही. दुसरे कमरेच्या मणक्यांमधील चकतीचे, आणि सर्वांत जास्त दिशाभूल इथेच होते. कमरेचा एमआरआय केला की चकती थोडी बाहेर आल्याचा शेरा बहुधा मिळतोच. पाठदुखी मुळीच नसलेल्या लोकांच्या एमआरआय आणि सीटी तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये केलेल्या एका पाहणीत, विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांमध्ये चकती फुगलेली आढळली होती. म्हणजे अहवालातील तो शेरा खरा असतो, पण तुमच्या मांडीच्या दुखण्याचे कारण तोच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. माझ्या बाबतीत अशाच एका शेऱ्यावरून सहा महिने कमरेचे ट्रॅक्शन आणि कमरेचे व्यायाम झाले. ते करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मांडीच्या त्वचेवर कोणी बोट फिरवून पाहिले नाही, एवढेच राहून गेले.

खात्रीसाठी एक साधी चाचणी उपयोगी पडते आणि ती फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर दोन मिनिटांत करू शकतात. दुखरी बाजू वर येईल असे कुशीवर झोपायचे, तपासणाऱ्याने कमरेच्या हाडावर वरून खाली सावकाश दाब देऊन तो सुमारे ४५ सेकंद धरून ठेवायचा. या दाबाने इंग्वायनल लिगामेंट सैल पडते. मांडीतील जळजळ तेवढ्यापुरती निवली, तर दोष त्या पट्ट्याशीच आहे असे मानायला भक्कम आधार मिळतो. हाडाच्या टोकाच्या आतल्या बाजूला बोटाने टिचक्या मारल्यावर मांडीत झिणझिण्या उतरल्या तर तोही पुरावा. शंका उरली तर नसेची वहन-चाचणी, म्हणजे नसेतून संकेत कसा जातो ते मोजणारी तपासणी, आणि सोनोग्राफी आहेच, पण जाड चरबीच्या थरामुळे वहन-चाचणी निरोगी बाजूलाही नीट न येणे शक्य असते, म्हणून दोन्ही बाजूंची तुलना केल्याशिवाय तिच्या निकालावर विसंबू नये.

रक्तातील साखर मात्र प्रत्येकाने तपासून घ्यावी. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड काउंटीतील नोंदींवरून केलेल्या अभ्यासात हा विकार सर्वसाधारण लोकांमध्ये वर्षाला एक लाखामागे सुमारे ३३ जणांना, तर मधुमेहींमध्ये सुमारे २४७ जणांना झालेला दिसला. साखरेमुळे आधीच दुबळी झालेली नस थोड्या दाबानेही बिघडते आणि साखर चढी राहिली तर सावरतही नाही. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी त्याच रक्तात उरकता येते.

परत परत येण्याचे कारण : न सापडलेला दाब

आता मूळ प्रश्नाकडे येतो. औषधाने जळजळ कमी होते आणि पुन्हा येते, याचा बहुतेक वेळा अर्थ असा की औषधाने नसेचा आवाज बंद केला, पण तिच्यावरचा पाय कोणी उचलला नाही. म्हणून दोन आठवड्यांची टिपणवही ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जळजळ कधी सुरू झाली, त्याआधीच्या अर्ध्या तासात शरीर कोणत्या स्थितीत होते, कमरेला काय बांधलेले होते, खिशात काय होते आणि कशाने आराम पडला, एवढेच लिहायचे. दुखण्याला दहापैकी गुण देणे वगैरे ऐच्छिक आहे. परिस्थितीची नोंद महत्त्वाची.

कमरपट्टा आणि घट्ट विजार यांचा संशय सर्वांनाच येतो आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. पण लोक पट्टा एक भोक सैल करतात आणि प्रयत्न संपला असे समजतात. पट्टा सैल केल्याने विजार खाली सरकते आणि तिची कड नेमकी हाडाच्या टोकावर येऊन बसते, म्हणजे दाब पूर्वीपेक्षा योग्य जागी पडू लागतो! त्याऐवजी काही आठवडे पट्टा पूर्णपणे सोडून खांद्यावरून येणारे पट्टे किंवा सैल नाडीचा, उंच कमरेचा कपडा वापरून पाहावा. पोट आत ओढणारी अंतर्वस्त्रे, कमरेला बांधायचा आधारपट्टा, अवजारांचा किंवा शस्त्राचा जड पट्टा, पाठीवरच्या मोठ्या पिशवीचा कमरबंद, पुढच्या खिशातील किल्ल्यांचा जुडगा आणि मोबाइल, गाडीतील सुरक्षापट्ट्याचा खालचा भाग या सगळ्यांची पडताळणी करावी. सुरक्षापट्टा अर्थातच सोडायचा नाही; तो पोटावर न ठेवता हाडांवर, खाली आणि सपाट बसवायचा, आणि खिशातील वस्तू त्याखाली राहू द्यायच्या नाहीत. कमरेचा आधारपट्टा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो कमरदुखीवर उपाय म्हणून दिला जातो आणि कमरदुखी समजून उपचार घेणारा रुग्ण तोच पट्टा आवळून स्वतःचे खरे दुखणे वाढवत असतो.

माझ्या वहीत जे निघाले ते मला अपेक्षित नव्हते. मी उभ्याने काम करत असे आणि थकल्यावर पुढे झुकून टेबलाच्या कडेला कमरेचे हाड टेकवत असे. रोज, दिवसातून कित्येकदा, त्याच बाजूला. पट्टा मी कधीच सोडला होता, वजनही थोडे उतरवले होते, तरी दुखणे हटत नव्हते; ते या कडेमुळे. नोंदींमध्ये ‘टेबल’ हा शब्द सहाव्या दिवशी चौथ्यांदा आल्यावर ते ध्यानात आले. ज्यांचे काम ओटा, गल्ला, यंत्राची चौकट किंवा रुग्णाची खाट यांना टेकून चालते, त्यांनी ही शक्यता सर्वांत आधी पाहावी.

बाहेरून काहीच दाबत नसेल तर आतून येणारा ताण शोधायचा. पोटाचा घेर वाढला की पोटाचा भार जांघेतील पट्ट्यावर येतो आणि कमरेचा बाक वाढून कटिभाग पुढे कलतो. त्यामुळे उभे असतानाच नस ताणलेली राहते. स्थूलतेचा आणि या विकाराचा संबंध पक्का आहे. वजन कमी करणे हा हळू परिणाम देणारा, पण टिकणारा उपाय आहे. वजन फार झपाट्याने उतरले तरी कधीकधी हाच त्रास सुरू झाल्याचे आढळते, कारण नसेभोवतीची संरक्षक चरबी जाते. गरोदरपणात पोट वाढल्याने होणारा त्रास प्रसूतीनंतर बहुधा आपोआप जातो. तोवर कपडे सैल ठेवणे, बसून विश्रांती घेणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतीही गोळी न घेणे, एवढे पुरते. दोन पायांच्या लांबीत फरक असेल तर तोही मोजून घ्यावा. कमरेच्या हाडाचा तुकडा कलमासाठी काढणे, खुब्याचा सांधा पुढच्या बाजूने बदलणे, हर्नियाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया किंवा तासन्‌तास पालथे झोपवून केलेली मणक्याची शस्त्रक्रिया यांनंतर दुखणे सुरू झाले असेल तर ती माहिती डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावी.

झोपेकडेही पाहावे. पालथे झोपल्याने हाडाच्या टोकावर दाब येतो आणि खुबा ताणलेला राहतो. उताणे झोपून गुडघ्यांखाली उशी, किंवा न दुखणाऱ्या कुशीवर गुडघे दुमडून त्यांच्यात उशी, या स्थितींत नस सैल राहते. सलग उभे राहावे लागत असेल तर एक पाय आळीपाळीने बुटक्या पाटावर ठेवावा. चालताना टांग आखूड करावी, कारण मोठ्या टांगेत मागचा पाय अधिक मागे जातो. उतारावरून वेगाने चालणे काही आठवडे टाळावे.

जे उपाय उलटतात

मांडीवर जोरजोरात मालीश करणे, तिच्या बाहेरच्या बाजूवर कडक रबरी रोलर फिरवणे याने नसेच्या आधीच चिडलेल्या फांद्या अधिक चिडतात. गरम पाण्याची पिशवी बधिर त्वचेवर ठेवणे तर धोक्याचे आहे: भाजते आहे हे कळतच नाही आणि फोड आल्यावर समजते. बर्फही त्याच कारणाने कापडात गुंडाळूनच आणि थोडाच वेळ लावावा.

व्यायामाबाबतचा गैरसमज अधिक खोल आहे. ‘जांघेचे स्नायू आखडले आहेत, ते ताणा’ असा सल्ला सहज मिळतो, आणि एक गुडघा टेकून पुढे झुकण्याचा ताण त्यासाठी शिकवला जातो. नस चिडलेली असताना हा ताण म्हणजे खुबा मागे ताणणे, म्हणजे ज्या हालचालीने दुखते नेमकी तीच हालचाल अर्धा-एक मिनिट धरून ठेवणे होय. पहिल्या काही आठवड्यांत त्याऐवजी उताणे झोपून, गुडघे दुमडून, कमर जमिनीला टेकवण्याचा आणि पोटाचे खालचे स्नायू हळुवार आवळण्याचा सराव करावा; याने कटिभागाचा पुढचा कल कमी होतो. उभे राहून जळजळ न होता वीसेक मिनिटे काढता येऊ लागली की फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ताणाचे व्यायाम सौम्यपणे सुरू करता येतात. व्यायामानंतर तासाभरात शमणारी किंचित झिणझिणी चालते. दुसऱ्या दिवशीपर्यंत राहणारी जळजळ म्हणजे मात्रा जास्त झाली.

औषधांकडून काय अपेक्षा ठेवावी

सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या जळजळीवर फारशा चालत नाहीत, आणि त्या महिनोन्‌महिने घेतल्याने पोट व मूत्रपिंड यांना इजा होते, म्हणून त्यांचा छोटा प्रयोग करून थांबावे. नसेच्या वेदनेसाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अॅमिट्रिप्टिलीन, नॉरट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिन दिले जाते. ही औषधे कमी मात्रेपासून वाढवत न्यायची असतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती एकाएकी बंद करायची नसतात. दोनच दिवस घेऊन ‘गुण आला नाही’ म्हणून सोडणे हे त्यांच्या अपयशाचे फार नेहमीचे कारण आहे. दुसरी अडचण कमी बोलली जाते: गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन आणि अॅमिट्रिप्टिलीन यांनी काहींचे वजन वाढते, आणि ज्या रुग्णाचे दुखणेच पोटाच्या घेरामुळे आहे त्याला हे परवडणारे नसते. वजनाची नोंद ठेवावी आणि वाढ दिसली तर डॉक्टरांशी पर्यायाविषयी बोलावे. गुंगी येत असताना वाहन चालवू नये. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ किंवा हृदयाच्या ठोक्यांचा विकार असेल तर अॅमिट्रिप्टिलीन सुरू होण्यापूर्वी ते सांगितलेच पाहिजे.

कपडा घासला तरी आग होते असा ज्यांचा त्रास मुख्यतः त्वचेवर आहे, त्यांना लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची ५ टक्क्यांची पट्टी उपयोगी पडू शकते. ती अखंड त्वचेवर, दिवसाच्या २४ तासांपैकी १२ तासांपर्यंतच लावायची असते. आतून मऊ, शिवण नसलेला कपडा हा तिच्या जोडीचा बिनऔषधी उपाय.

इंजेक्शन : उपचार आणि पुरावा दोन्ही

दाब दूर करून आणि औषधे नीट घेऊनही दोन-तीन महिन्यांत पुरेसा फरक नसेल, तर नसेजवळ बधिर करणारे औषध आणि स्टेरॉइड यांचे इंजेक्शन देण्याचा विचार होतो. नसेचा मार्ग माणसागणिक बदलत असल्याने ते सोनोग्राफीत नस पाहून दिलेले बरे. केवळ हाडाचे टोक मोजून दिलेले इंजेक्शन भलत्याच जागी जाऊ शकते, आणि ‘इंजेक्शनही लागू पडले नाही’ अशी नोंद मात्र फायलीत कायम राहते.

इंजेक्शननंतरचा पहिला तास नीट लक्षात ठेवावा, कारण निदानाची सर्वांत स्वच्छ संधी तीच असते. मांडीचा तो भाग पूर्ण बधिर झाला आणि वेदनाही गेली, तर दोषी नस हीच. भाग बधिर झाला पण आतली वेदना तशीच राहिली, तर वेदना दुसरीकडून येते आहे आणि पुन्हा कमरेची, खुब्याची तपासणी करायला हवी. भाग बधिरच झाला नाही, तर औषध नसेपर्यंत पोहोचले नाही. या स्थितीत काहीच निष्कर्ष काढू नये. हे तीन निकाल कागदावर लिहून डॉक्टरांना द्यावेत. औषध शेजारच्या फेमोरल नसेपर्यंत पसरले तर काही तास गुडघ्यात जोर राहत नाही, म्हणून त्या दिवशी एकट्याने जिना उतरू नये. मधुमेहींची साखर स्टेरॉइडने काही दिवस चढते, तेव्हा ती अधिक वेळा तपासावी.

वेगवेगळ्या उपचारांची तुलना करण्यासाठी वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये अद्ययावत केलेल्या आढाव्यात रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून केलेली एकही चाचणी सापडली नव्हती. निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांत इंजेक्शनने १५७ पैकी १३० जण बरे झाले किंवा सुधारले, दाब मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेने ३०० पैकी २६४ आणि नस कापण्याच्या शस्त्रक्रियेने ९० पैकी ८५. त्याच आढाव्यातील चौथा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: एका छोट्या अभ्यासात काहीही न करता २९ पैकी २० जण सुधारले होते. बाकीच्या आकड्यांकडे याच्या शेजारी ठेवूनच पाहावे, आणि कोणी पहिल्याच भेटीत शस्त्रक्रिया सुचवली तर दुसरे मत घ्यावे.

शस्त्रक्रिया

सहा महिने किंवा अधिक काळ सगळे नीट करूनही झोप आणि काम दोन्ही बिघडलेले असेल, आणि इंजेक्शनने तात्पुरता तरी स्पष्ट आराम पडलेला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो. दाब मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेत नस वाचवली जाते, पण काहींमध्ये व्रण धरून त्रास परततो. नस कापण्याने वेदना जाण्याची शक्यता जास्त, मात्र त्वचेचा तो भाग कायमचा बधिर होतो आणि कापलेल्या टोकाला दुखरी गाठ धरण्याचा थोडा धोका राहतो. बधिर मांडी घेऊन जगणे काहींना सहज जमते, काहींना अजिबात सहन होत नाही. इंजेक्शननंतर आलेला बधिरपणा कसा वाटला हे आठवले तर या निर्णयाला मदत होते.

सुधारणा कशी ओळखावी आणि पुन्हा उचल खाल्ली तर काय करावे

बरे होण्याला एक क्रम असतो आणि तो माहीत नसल्याने लोक अर्ध्यावर हताश होतात. आधी विजेसारख्या कळा विरळ होतात, मग जळजळ उशिरा सुरू होऊन लवकर थांबू लागते, आणि बधिरपणा सर्वांत शेवटी जातो. नसेचे केवळ आवरण दुखावले असेल तर काही आठवडे ते काही महिने लागतात. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढतात, म्हणजे जांघेपासून मांडीच्या मध्यापर्यंतच्या अंतराला कित्येक महिने. या काळात पूर्वी बधिर असलेल्या जागी खाज किंवा हलक्या झिणझिण्या सुरू झाल्या तर ते बहुधा जाग येण्याचे लक्षण असते.

दुखणे परत आले तर पहिल्याच दिवशी औषधाची मात्रा वाढवण्याआधी मागील दोन आठवड्यांत काय बदलले ते वहीत पाहावे: नवा कपडा, लांबचा प्रवास, वाढलेले वजन, नवा व्यायाम, कामाची बदललेली जागा. मला हा त्रास एकदा परत झाला तो एका मोठ्या प्रवासात कमरेला बांधलेल्या पैशांच्या पिशवीमुळे. पिशवी खांद्यावर घेतली आणि नवव्या-दहाव्या दिवशी जळजळ थांबली. बदललेले काहीच सापडले नाही, बधिर भागाची आखलेली रेषा पूर्वीपेक्षा पुढे सरकली, किंवा पायाच्या ताकदीत फरक वाटला, तर जुन्या निदानावर विसंबून राहू नये आणि तपासणी पहिल्यापासून नव्याने करून घ्यावी. माझ्या मांडीवर आजही नाण्याएवढा एक ठिपका बधिर आहे. तो दुखत नाही, आणि गेल्या वर्षभरात वाढलेलाही नाही.